२६९ अंदाज, एक वही आणि अकरा शनिवार

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. नोकरी औषध कंपनीत, क्वालिटी विभागात. आमच्या ऑफिसात दर वर्षी एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, पूल असतो. सप्टेंबर ते जानेवारी, दर आठवड्याला प्रत्येक सामन्यात कोण जिंकणार ते लिहायचं. पैसे लागत नाहीत, शेवटी पहिल्या आलेल्याला बाकीचे जेवण देतात. अंदाज पुष्कळ जण लिहितात, पण हंगाम संपल्यावर ते परत कोणी वाचत नाही. मीही सहा वर्षं वाचले नव्हते. या वर्षी, २०२५ला, वाचले, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला ते फार जड गेलं. कुठून सुरू करायचं हेच कळत नव्हतं. तुम्हाला तेच करावंसं वाटलं तर निदान वाट माहीत असावी, म्हणून हे लिहून ठेवते.

सुरुवात ५ सप्टेंबर २०२४ला झाली, चीफ्स विरुद्ध रेव्हन्स. रेव्हन्सच्या शेवटच्या झेलात खेळाडूच्या बुटाचं टोक रेषेबाहेर पडलं आणि चीफ्स २७–२० जिंकले. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, "मला वाटलंच होतं, चीफ्स जेमतेम जिंकणार." तो म्हणाला, "अगं, तू तर रेव्हन्स म्हणत होतीस." मला खरंच आठवत नव्हतं. ऑफिसचा पूल ज्या संकेतस्थळावर चालतो तिथे बघितलं, तर रेव्हन्सच टाकलं होतं! खोटं बोलायचा काही हेतू नव्हता, पण दोन दिवसांत माझ्या मनाने आठवण परस्पर बदलून टाकली होती. तेव्हाच वही करायची ठरवली.

चार डॉलरची साधी रेघांची वही आणली. रकाने पाडले: तारीख आणि वेळ, सामना, माझा अंदाज, किती टक्के खात्री, कारण, निकाल. नियम आमच्या क्वालिटी विभागातलेच लावले. शाईच्या पेनाने लिहायचं. खोडायचं झालं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. व्हाइटनर बंद. पहिल्या सामन्याची नोंद संकेतस्थळावरून उतरवली आणि "मागाहून लिहिलं" असा शेरा मारला. हा शेरा पुढे फार उपयोगी पडला, कारण टक्क्यांचा आकडा मला आठवतोय असं वाटत होतं आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही हे ठरलेलं होतं. जिथे आकडा नाही तिथे ५० धरायचे, हा नियम मी तेव्हाच केला.

ज्यांना खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ३२ संघ, प्रत्येकाचे १७ सामने, १८ आठवडे, एकूण २७२ सामने. बहुतेक सामने रविवारी, एक गुरुवारी रात्री, एखादा-दुसरा सोमवारी. पण वेळापत्रक डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. लंडनचे सामने इथल्या वेळेनुसार रविवारी सकाळी साडेनऊला असतात, डिसेंबरात शनिवारी सामने असतात आणि २०२४ला नाताळ बुधवारी होता तर दोन सामने बुधवारीच झाले. आठवडा गुरुवारी सुरू होतो असं गृहीत धरल्याने ते दोन्ही माझ्या वहीतून सुटले.

तिसरा सुटला तो ३१ ऑक्टोबरचा, जेट्स विरुद्ध टेक्सन्स. त्या संध्याकाळी घरी लक्ष्मीपूजन होतं. शेवेचा झारा हातात असताना वही कुठली आठवणार! जेट्स २१–१३ जिंकले, त्यांच्या गॅरेट विल्सनने एका हाताने तो गाजलेला झेल घेतला. दुसऱ्या दिवशी ती रिकामी ओळ बघितली आणि हात अक्षरशः पेनाकडे गेला. मी जेट्सच लिहिलं असतं याची मला शंभर टक्के खात्री होती. रिकामी ओळ तशीच ठेवली, तिरपी रेघ मारली, सही केली. म्हणून २७२ पैकी २६९.

अंदाज मी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत भरत असे, पूर्ण पान एका बैठकीत. हंगाम असाच गेला. २३ जणांत मी नववी आले. ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्यात, ईगल्सनी चीफ्सना ४०–२२ हरवलं आणि सगळं संपलं. प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, १३ सामने मी वेगळ्या पानावर ठेवले होते, ते या हिशेबात धरलेले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी, १० फेब्रुवारीला, मी संकेतस्थळाला पत्र लिहून माझ्या सगळ्या नोंदी वेळेसकट मागितल्या. वहीची पडताळणी दुसऱ्या कागदाशी झाली पाहिजे, हा धंद्यातला संस्कार. हंगाम संपल्यामुळे माझ्या खात्यात फक्त एकूण गुण दिसत होते. २१ तारखेला उत्तर आलं की जुना हंगाम संग्रहात गेला आहे. पुन्हा लिहिलं, मग तिसऱ्यांदा, तक्रार क्रमांकासकट. ३ मार्चला फाइल आली. त्यात काही अंदाज सामना सुरू झाल्यावर टाकल्यासारखे दिसत होते, ते बघून पोटात गोळाच आला. मग लक्षात आलं की वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत. आमची न्यू जर्सीची वेळ त्याच्या चार तास मागे, आणि ३ नोव्हेंबरला घड्याळं मागे गेल्यापासून पाच तास. तुम्ही अशी फाइल मागवणार असाल तर हंगाम संपायच्या आत मागवा, आणि आधी वेळा कुठल्या आहेत ते बघा.

पडताळणीत सहा ठिकाणी वही आणि संकेतस्थळ जुळेना. सहाही वेळा मी सामन्याच्या तासभर आधी, कुणाचं तरी ऐकून, फोनवरून अंदाज बदलला होता आणि वहीत लिहिलं नव्हतं. शेवटची नोंद ग्राह्य धरली, टक्के ५०. सहापैकी दोन बरोबर आले.

खरं काम १५ फेब्रुवारीच्या शनिवारी सुरू झालं. सकाळी सात ते साडेनऊ, घर जागं व्हायच्या आधी. सगळं दोन शनिवारांत होईल असं वाटलं होतं, पण पहिल्या दिवशी २२ सामने झाले. एकेक नोंद वाचायची, सामन्याची हकीकत बघायची, कारण टिकलं का ते ठरवायचं, यात वेळ जातो. काही सामने पुन्हा बघावे लागले. त्यासाठी एनएफएल प्लस या सामने दाखवणाऱ्या सेवेची प्रीमियम वर्गणी एक महिना घेतली, साधारण पंधरा डॉलर. त्यात मधले थांबे काढून टाकलेला सामना बघता येतो. महिना संपायच्या आत बंद करायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा.

पहिल्या दिवशी मला अर्ध्यातच वही मिटावीशी वाटली होती. चूक ठरलेल्या अंदाजापेक्षा त्याशेजारी ठामपणे लिहिलेलं कारण वाचणं जास्त टोचतं. सेंट्सचंच घ्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी पँथर्सना ४७–१० हरवलं, दुसऱ्यात काउबॉइजना ४४–१९. तिसऱ्या आठवड्यात मी लिहिलं होतं, "सेंट्सना कोणी अडवू शकत नाही. ७५." ईगल्सनी त्यांना १५–१२ हरवलं आणि तिथून सेंट्स सलग सात हरले. त्या सातपैकी चार वेळा मी त्यांच्याच बाजूने लिहिलं. शेवटचा तर पँथर्सविरुद्ध, मी ८० टक्के दिले होते आणि ते २३–२२ हरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुख्य प्रशिक्षकाला काढलं. दोन रविवारचं खेळणं माझ्या डोळ्यांसमोरून नोव्हेंबरपर्यंत हललं नव्हतं.

टक्क्यांचा हिशेब मार्चमध्ये केला. २६९ पैकी १७५ बरोबर, म्हणजे ६५ टक्के. हा एकच आकडा बघितला तर काहीच कळत नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते गट पाडल्यावर दिसलं. जिथे मी ५० ते ५९ टक्के म्हटलं होतं, ते ७० सामने, त्यातले ४२ बरोबर. साठीच्या गटात ९४ पैकी ६०. सत्तरीच्या गटात ६८ पैकी ४७. आणि ८० किंवा जास्त म्हटलेले ३७, त्यातले फक्त २६ बरोबर. म्हणजे साशंक असताना मी वाटलं त्याहून बरी होते, आणि छाती ठोकून सांगितलं तेव्हा दहातले तीन सामने चुकत होते. खात्री ऐंशीची, प्रत्यक्ष सत्तर. मी त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत बसले होते.

याला मोजायची एक जुनी रीत आहे. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकी हवामान खात्यातल्या माणसाने ती १९५० साली मांडली, पावसाचे अंदाज तपासायला. हिशेब सोपा आहे. ८० टक्के म्हटलं आणि तसं झालं, तर एकातून ०.८ वजा करून वर्ग करायचा, ०.०४. उलटं झालं तर ०.८ चा वर्ग, ०.६४. सगळ्यांची सरासरी काढायची, जितकी कमी तितकं चांगलं. डोळे मिटून प्रत्येक वेळी ५० म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. मला ०.२३० मिळाले. पाच महिने इतका जीव लावून नाणेफेकीपेक्षा एवढंच पुढे, हे पचवायला मला आठवडा लागला.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन होता. तासगावला आमची द्राक्षबाग आहे. पावसाच्या अंदाजावर फवारणी करायची की थांबायचं, हा त्यांचा दर वर्षीचा जीवघेणा प्रश्न. फवारणीच्या वहीत ते तारीख, औषध आणि आभाळ कसं होतं ते लिहितात. मी ब्रायरचं सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "अगं, पण ऐंशी टक्के सांगून पाऊस आला नाही, तर तो एकदा चुकला असं नाही म्हणता येत. असे दहा दिवस काढ, मग बोल." मी महिनाभर तक्ते करून जिथे पोचले होते तिथे ते आपोआप पोचले होते. मग विचारलं, "तुझ्या त्या खेळात माल भिजतो का?" मी नाही म्हटलं. "मग निवांत कर," म्हणाले.

चुकलेल्या ९४ अंदाजांची मी कारणांप्रमाणे वाटणी केली. २९ वेळा शेवटच्या दोन सामन्यांना भुलले. १३ वेळा महत्त्वाचा खेळाडू खेळणारच नव्हता आणि मला पत्ता नव्हता. यावर उपाय आहे म्हणून सविस्तर सांगते. रविवारच्या सामन्यासाठी संघांना बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे दुखापतींचा अहवाल, द्यावा लागतो. कोणी पूर्ण सराव केला, कोणी थोडा, कोणी अजिबात नाही. शुक्रवारी खेळणार नाही, बहुधा नाही किंवा सांगता येत नाही, असा शेरा येतो. सामन्याच्या ९० मिनिटं आधी न खेळणाऱ्यांची अंतिम यादी लागते. मी हे सगळं व्हायच्या आधी, मंगळवारी, डबा खाता खाता अंदाज भरत होते. मंगळवारी लिहायचंच असेल तर शुक्रवारसाठी शेजारी दुसरा रकाना ठेवा.

२४ वेळा कारण बरोबर होतं, निकाल उलटा लागला. २० वेळा कारणाच्या रकान्यात "असंच वाटतं" किंवा तत्सम, त्यातून शिकण्यासारखं काहीच हाती लागलं नाही. घरचं मैदान एवढंच कारण दिलेले, हा वेगळा गट नव्हे, एकूण १९ अंदाज होते, बरोबर ९. २०२० साली, प्रेक्षक जवळजवळ नसताना, यजमान संघ १२७ जिंकले, १२८ हरले, एक सामना बरोबरीत सुटला. हे वाचल्यापासून मी मैदानाला फार वजन देत नाही.

राहिले आठ. ते आठही जेट्सचे.

माझा लेक चौदा वर्षांचा आहे आणि जेट्सचा आहे. २०२३च्या सप्टेंबरात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाली चालवणारा मुख्य खेळाडू, ॲरन रॉजर्स जेट्सकडून पहिल्यांदा मैदानात उतरला आणि चौथ्याच खेळीला त्याच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला, तेव्हा हा सोफ्यावर उशीत तोंड खुपसून बसला होता. २०२४ला रॉजर्स परत आला. वही जेवणाच्या टेबलावर असायची आणि लेक रोज उघडून बघायचा. मी नोंदवलेल्या जेट्सच्या १६ सामन्यांत १२ वेळा त्यांच्या बाजूने लिहिलं, चार बरोबर आले. त्यांच्याविरुद्ध फक्त चारदा लिहिलं, चारही बरोबर. त्या बारा नोंदींचं अक्षरसुद्धा वेगळं आहे, जरा मोठं, जरा ठळक. मी खेळाचा अंदाज लिहीत नव्हते, माझ्या पोराला धीर देत होते. मला त्याची लाज वाटत नाही, पण त्या रकान्यात ते बसत नाही.

त्यातला २९ सप्टेंबरचा सामना मी पुन्हा पूर्ण बघितला, ब्रॉन्कोजविरुद्ध, पावसातला. मी लिहिलं होतं, "नवखा क्वार्टरबॅक, जेट्सचा बचाव भक्कम. ८०." बचाव खरंच भक्कम होता. त्या नवख्या बो निक्सला सबंध सामन्यात पासवर फक्त ६० यार्ड मिळाले. तरी ब्रॉन्कोज १०–९ जिंकले, जेट्सच्या पेनल्ट्यांचा सपाटा चालू होता आणि शेवटच्या मिनिटात ५० यार्डांवरून मारलेली त्यांची किक हुकली. दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं की कारण बरोबर असूनही आकडा चूक होता. दोन्ही बाजूंना गुणच होत नसतील तर एक किक सगळं उलटवते. ज्या सामन्यात बचावाच्या जोरावर जिंकणार असं वाटतं, तिथे खात्री कमी लिहायला हवी. मी नेमकी तिथेच जास्त लिहीत होते.

२९ मार्चचा शनिवार पाडव्याच्या तयारीत गेला. १२ एप्रिलला चुकलेले सगळे सामने संपले आणि मी वही कपाटात ठेवायला निघाले. लेक म्हणाला, "आई, बरोबर आलेले बघणार नाहीस?" मी म्हटलं, ते बरोबरच आहेत ना. त्याने २७ ऑक्टोबरचं पान उघडलं. कमांडर्स विरुद्ध बेअर्स, मी लिहिलं होतं, "जेडन डॅनियल्स तीन-चार टचडाउन करवेल. ६५." पुढे बरोबरच्या दोन खुणा, आनंदाच्या भरात मारलेल्या. प्रत्यक्षात कमांडर्सचे १२ गुण चार फील्ड गोलचे, म्हणजे किक मारून मिळवलेले होते; टचडाउन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात (एंड झोनमध्ये) नेणं, तोवर एकही नव्हतं. २५ सेकंद उरलेले असताना बेअर्स १५–१२ने पुढे गेले. शेवटच्या खेळीला डॅनियल्सने चेंडू उंच फेकला, घोळक्यात कोणाच्या तरी हाताला लागून तो मागे उडाला आणि एंड झोनमध्ये मोकळ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात आला. सबंध सामन्यातलं कमांडर्सचं ते एकच टचडाउन. "याला तू बरोबर कसं म्हणतेस?" लेक म्हणाला. "तू तर टीव्ही बंद करायला रिमोट शोधत होतीस."

म्हणून आणखी तीन शनिवार, १९ आणि २६ एप्रिल, ३ मे. १७५ पैकी ४१ ठिकाणी निकाल बरोबर, कारण पार चुकलेलं. त्यात चीफ्सचे पुष्कळ. १० नोव्हेंबरला ब्रॉन्कोजची शेवटची किक अडवली म्हणून चीफ्स १६–१४ वाचले. ८ डिसेंबरला चार्जर्सविरुद्ध त्यांच्याच शेवटच्या किकने चेंडू खांबाला लागून आत गेला, १९–१७. दर वेळी मी बरोबरची खूण केली आणि पुढच्या वेळी त्यांची टक्केवारी वाढवली. सुपर बोललाही चीफ्सच लिहिलं होतं. चुकलेले अंदाज निदान सलतात तरी. हे ४१ गुपचूप माझा आत्मविश्वास वाढवत राहिले होते, आणि ८० टक्क्यांच्या गटातली बरीचशी पडझड तिथून आलेली आहे. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा आधी बरोबर आलेले तपासा.

समाधान देणाऱ्या नोंदीही सापडल्या. ५ जानेवारीला, शेवटच्या आठवड्यात, चीफ्सचं अव्वल स्थान पक्कं होतं. "मुख्य खेळाडूंना विश्रांती देणार, ब्रॉन्कोजना जिंकणं भाग आहे. ८५." ब्रॉन्कोज ३८–०ने जिंकले. लिहिलेलं कारण घडलेल्याशी जुळतं तेव्हा बरं वाटतं, आणि ते वाटणं खरं असतं.

हे लिहितेय ते ऑगस्ट २०२५मध्ये. नवी वही आणली, रकाने आठ केले. मंगळवारचा आणि शुक्रवारचा अंदाज वेगळा. सामन्यानंतर भरायचा एक जादा रकाना, "कारण टिकलं का". ८०च्या वर आकडा लिहायचा झाला तर दोन कारणं लिहायची. वही आता माझ्या ऑफिसच्या पिशवीत राहणार, टेबलावर नाही. लेकाला तसं आधीच सांगितलं, त्याने मान डोलावली.

२०२५च्या हंगामाचं वेळापत्रक मे महिन्यातच आलंय. जेट्सचा पहिला सामना ७ सप्टेंबरला घरच्या मैदानावर, स्टीलर्सशी. रॉजर्स या २०२५च्या हंगामासाठी स्टीलर्सकडे गेलाय, आणि २०२४ला स्टीलर्सकडे असलेला जस्टिन फील्ड्स जेट्सकडे आलाय. पहिल्या पानावर ती ओळ आखून ठेवली आहे. टक्क्यांचा रकाना अजून मोकळा आहे, शुक्रवारचा रिपोर्ट यायचाय.